झाशीचा वेढा आणि सामान्यांचा इतिहास : 'माझा प्रवास'च्या निमित्ताने

१. प्रश्नाची मांडणी

इतिहासलेखनाचा रोख राजे, लढाया आणि तह यांच्याकडून सामान्य माणसांच्या जीवनाकडे वळला, हे विधान आज इतके परिचित झाले आहे की त्याचा नेमका अर्थ काय, हे विचारण्याची गरज सहसा भासत नाही. या स्थित्यंतराची वंशावळही ठरून गेली आहे. १९२९ साली फ्रान्समध्ये सुरू झालेले 'आनाल' हे नियतकालिक, इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या घडणीवरील ई. पी. टॉम्पसन यांचा १९६३ चा ग्रंथ, सोळाव्या शतकातील एका इटालियन गिरणीवाल्याच्या विचारविश्वावरील कार्लो गिंझबर्ग यांचे १९७६ चे पुस्तक आणि १९८२ पासून रणजित गुहा यांच्या संपादनाखाली निघू लागलेले 'सबाल्टर्न स्टडीज'चे खंड, हे टप्पे अभ्यासकांना ठाऊक आहेत. या वंशावळीत चूक काही नाही. तथापि तिच्यामुळे असा समज दृढ होतो की, सामान्य माणूस हा इतिहासकाराने उशिरा निवडलेला एक नवा विषय आहे. पूर्वी राजा निवडला जाई, आता शेतकरी निवडला जातो.

प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी एका मराठी ग्रंथाच्या आधारे करावयाची आहे. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' हा तो ग्रंथ. १८५८ च्या वसंतात झाशीला पडलेला वेढा आणि नगराचा पाडाव यांचे प्रत्यक्ष दर्शन त्यात आहे. या ग्रंथाचे लेखन, त्याचे संपादन आणि त्याचा पुढे झालेला उपयोग यांचा मागोवा घेतला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. सामान्यांविषयीचा मजकूर आपल्याकडे फार पूर्वीपासून लिहिलेला होता. त्याला पुरावा मानावयाची तयारी मात्र सावकाश झाली. स्थित्यंतर विषयात झाले त्याहून अधिक ते पुराव्याच्या कल्पनेत झाले.

२. झाशी आणि तिचे मराठीपण

झाशीचा किल्ला ओरछ्याच्या वीरसिंह देवाने सतराव्या शतकाच्या आरंभी बांधला. छत्रसाल बुंदेल्याने पहिल्या बाजीरावाला आपल्या राज्याचा हिस्सा दिल्यानंतर बुंदेलखंडात मराठ्यांचा पाय रोवला गेला. १७४२ नंतर नारोशंकराने झाशीस किल्ल्याचा विस्तार केला आणि शहराची वसाहत वाढविली. पुढे सुभेदारी नेवाळकर घराण्याकडे आली व स्थिरावली. कारभारी, कारकून, वैद्य, शास्त्री, भिक्षुक अशी दक्षिणेकडून आलेली कुटुंबे तेथे नांदू लागली. घरात मराठी, बाजारात बुंदेली, दप्तरात मोडी आणि फारसी असा तेथील व्यवहार होता. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव निवर्तले. त्यांनी आदल्या दिवशी घेतलेले दत्तक कंपनी सरकारने नामंजूर केले आणि १८५४ साली संस्थान खालसा झाले.

जून १८५७ मध्ये झाशीतील शिपाई उठले. त्या महिन्यात शरण आलेल्या इंग्रज स्त्रीपुरुषांची व मुलांची जोखनबागेत कत्तल झाली. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज याने शहराला वेढा घातला, १ एप्रिलला बेतवा नदीजवळ तात्या टोपे यांच्या फौजेचा मोड झाला आणि ३ एप्रिलला इंग्रजी पलटणी तट चढून शहरात शिरल्या. राणी लक्ष्मीबाई त्यानंतर निसटून काल्पीकडे गेली व जूनमध्ये ग्वाल्हेरनजीक लढताना पडली.

इतका तपशील कोणत्याही इतिहासात सापडतो. मात्र या वृत्तान्तात झाशी म्हणजे एक तट, काही बुरूज आणि एक राणी एवढेच उरते. तटाच्या आत राहणारे लोक त्या दिवसांत काय खात होते, पाणी कोठून आणत होते, कशाला भीत होते, हे प्रश्न त्यात उद्भवतच नाहीत. केई आणि मॅलेसन यांच्या इंग्रजी इतिहासांचा भर सैन्याच्या हालचालींवर होता, तर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ साली प्रसिद्ध केलेल्या मराठी चरित्राला राणीवरील आरोपांचा परामर्श घ्यावयाचा होता. दोहोंचे निष्कर्ष परस्परविरुद्ध असले तरी प्रश्नाची जात एकच होती : राणी दोषी की निर्दोष? नगराला या खटल्यात साक्षीदार म्हणूनही स्थान नव्हते.

३. भिक्षुकाची नजर

विष्णुभट गोडसे हे पेण तालुक्यातील वरसईचे. घराला कर्ज झालेले, मिळकत अपुरी. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत, तेथे चांगली दक्षिणा मिळेल, असे कळल्यावर १८५७ साली आपल्या चुलत्यांसह ते पायी निघाले. महूच्या आसपास त्यांना शिपायांच्या उठावाची वार्ता लागली. परत फिरण्याऐवजी ते पुढे गेले आणि भ्रमंती करीत झाशीस पोहोचले. राणीच्या आश्रयाने त्यांचा काळ बरा जात असतानाच वेढा पडला.

हा लेखक इतिहास लिहिण्यासाठी निघालेला नाही, ही गोष्ट अभ्यासकाने पहिल्याने ध्यानी घेतली पाहिजे. तो पोट भरण्यासाठी निघाला आहे. त्यामुळे त्याची नजर हिशेबी आहे. कोठे किती दक्षिणा मिळाली, जेवणात काय होते, मुक्काम कोणाच्या ओसरीवर झाला, वाटेत चोरांचे भय किती, या गोष्टी तो नोंदवितो. राजवाड्याचे वैभव, तेथील ग्रंथसंग्रह, हळदीकुंकवाचा थाट, राणीची दिनचर्या यांचे वर्णन तो आदराने करतो; परंतु तोफा सुरू झाल्यावर ही हिशेबी नजरच त्याला इतिहासकारांच्या पुढे नेते.

गोळे घरांवर पडू लागले म्हणजे शहरात काय होते, हे तो सांगतो. आगी लागतात, माणसे तळमजल्यात दडतात, बाजार बंद पडून धान्याची पंचाईत होते. दिवसा तटाला पडलेले भगदाड रात्री गवंडी बुजवितात. त्या गवंड्यांची नावे त्याने दिलेली नाहीत, पण त्यांचे काम दिले आहे. वेढ्याच्या इतिहासात तोफ डागणाऱ्याइतकेच तट लिंपणाऱ्याचे स्थान आहे, ही जाणीव या साध्या नोंदीतून आपोआप व्यक्त होते. या संदर्भात इंग्रज छावणीतील वृत्तान्तही लक्षणीय आहेत. झाशीच्या स्त्रिया तोफांच्या मोर्चांवर राबताना व दारूगोळा वाहून नेताना दिसल्या, अशी नोंद त्यांत आहे. शत्रूच्या दुर्बिणीतून दिसलेल्या या स्त्रिया आणि भटजींच्या ओसरीवरून दिसलेले ते गवंडी एकत्र ठेवून पाहिले म्हणजे वेढ्याचे दुसरे चित्र उभे राहते.

शहर पडल्यानंतरचा भाग हा या ग्रंथाचा गाभा होय. घराघरांत शिरून केलेली पुरुषांची कत्तल, विहिरींत लपलेली व विहिरींत जीव दिलेली माणसे, रस्त्यांत पडलेली प्रेते आणि त्यांची मिळेल त्या लाकडांवर केलेली विल्हेवाट यांचे वर्णन गोडसे करतात. त्यानंतरच्या लुटीलाही एक क्रम होता, असे त्यांच्या ध्यानात आले. आधी रोकड आणि दागदागिने, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापडचोपड, मग धान्य, अशी ती उतरत्या मोलाने झाली. सरकारी अहवालात लुटीची नोंद असलीच तर ती तोफांची व खजिन्याची असते. गृहस्थाच्या घरात मोलाचे काय असते आणि ते कोणत्या क्रमाने नाहीसे होते, ही नोंद घर चालविणाऱ्या माणसालाच सुचते. घागर गेली म्हणजे पाणी कशात आणावयाचे, आणि धान्य गेले म्हणजे उद्या काय शिजवावयाचे, या अर्थाने ती लूट त्याला समजली आहे.

येथे सामान्यांच्या इतिहासाचे एक लक्षण हाती लागते. गोडसे सामान्य माणसांविषयी लिहीत आहेत असे त्यांना स्वतःला वाटत नव्हते. त्यांच्या मनात राजे, राण्या आणि तीर्थक्षेत्रेच होती. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी तहानलेली राणी त्यांना भेटते, त्या प्रसंगातही त्यांचा भाव भक्ताचा आहे. परंतु त्यांनी घटना मोजण्याची मापे सामान्य जीवनातली आहेत : पाणी, धान्य, वस्त्र, कर्ज, चाललेले कोस. विषयापेक्षा माप महत्त्वाचे, असे म्हणावे लागते ते यामुळे.

४. संहितेचे भवितव्य : १८८३, १९०७, १९६६

प्रवासाहून परतल्यानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, १८८३ साली, गोडसे यांनी ही हकीकत लिहून काढली. चिंतामण विनायक वैद्य यांची त्यामागे प्रेरणा होती. ग्रंथ प्रसिद्ध झाला तो मात्र १९०७ साली, वैद्यांच्या संपादनाने. मूळ हस्तलिखित पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आले आणि त्यावरून दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली मूळ संहिता छापली.

या तीन तारखांमध्ये मराठी इतिहासदृष्टीचाच इतिहास सामावला आहे. वैद्यांनी भाषेला शिष्ट वळण दिले, काही मजकूर गाळला, काही बदलला. त्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु परकी सत्तेच्या काळात असे पुस्तक छापण्यातील जोखीम आणि सभ्य वाचकाला काय रुचेल याविषयीची तत्कालीन कल्पना ध्यानात घेतली पाहिजे. वैद्यांच्या दृष्टीने हा बंडाचा वृत्तान्त होता, म्हणून बंडाशी संबंधित व वाचनीय तेवढे महत्त्वाचे. पोतदारांच्या दृष्टीने तो अस्सल कागद होता, म्हणून त्यातील प्रत्येक शब्द महत्त्वाचा. दरम्यानच्या काळात राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापून अस्सल कागदाविषयीची निष्ठा मराठी मनात रुजविली होती आणि १९१० साली स्थापन झालेल्या मंडळाने तिला संस्थेचे रूप दिले होते.

या निष्ठेचा एक अनपेक्षित परिणाम झाला. कागद जमविले गेले ते मुख्यतः राजकारण उलगडण्यासाठी. परंतु वाड्यावाड्यांतून, देशमुख-कुलकर्ण्यांच्या दप्तरांतून जे रुमाल सुटले त्यांत महजर होते, वतनाचे तंटे होते, खर्चाच्या याद्या होत्या. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा 'गांव-गाडा' १९१५ साली आला आणि त्याने कुणबी, बलुतेदार व फिरस्ते यांच्या व्यवहाराला स्वतंत्र ग्रंथाचा विषय केले. नारायण गोविंद चापेकर यांनी 'पेशवाईच्या सावलींत' या ग्रंथात जुन्या कागदांतील खर्चाच्या नोंदींवरून त्या काळचे दैनंदिन जीवन मांडले. राजकारणासाठी जपलेला कागद समाजकारण बोलू लागला. 'माझा प्रवास'ची मूळ संहिता १९६६ साली छापण्याजोगी वाटली, त्यामागे ही अर्धशतकाची तयारी होती.

५. कोणाचे सामान्यपण?

येथवरच्या विवेचनाला एक मर्यादा घालणे आवश्यक आहे. गोडसे दरिद्री होते, पण ते ब्राह्मण होते. ओसरी त्यांना कोठेही मिळे. कोणाच्याही राज्यात दक्षिणेचा हक्क त्यांना सांगता येई. त्यांच्या लेखनात इतर जातींची माणसे येतात ती बहुधा काम करताना किंवा वाटेत भेटली म्हणून. त्यांच्या घरांत लेखक शिरत नाही, आणि शिरणे त्याच्या आचारात बसतही नव्हते. म्हणून 'माझा प्रवास'ला सामान्यांचा इतिहास म्हणताना तो एका विशिष्ट सामान्य माणसाने पाहिलेला इतिहास आहे, ही पुस्ती जोडावी लागते.

ज्या १८८३ साली गोडसे आपल्या आठवणी लिहीत होते, त्याच साली जोतीराव फुले 'शेतकऱ्याचा असूड' लिहीत होते. हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे. गोडसे यांच्या मते राज्ये बुडाली ती दैवाने. फुल्यांना शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे शोधावयाची आहेत, आणि ती त्यांना सरकारी कामगारांत, भटांच्या वर्चस्वात, सावकारीत व विद्येच्या अभावात सापडतात. गोडसे जी दक्षिणा उत्पन्न म्हणून मोजतात तिलाच फुले शेतकऱ्याच्या खर्चाच्या बाजूला मांडतात. एकाच वहीच्या जमा आणि नावे अशा या दोन बाजू होत. दोन्ही लेखने सबंध स्वरूपात वाचकांसमोर यावयास दीर्घ काळ जावा लागला आणि दोहोंपैकी एकालाही त्या वेळी कोणी इतिहास म्हटले नसते. आज एकोणिसाव्या शतकातील सामान्य जीवनाचा अभ्यास करणाऱ्याला यांपैकी एकच वाचून भागणार नाही. गोडसे तपशील देतात, फुले कारणमीमांसा देतात. तपशिलाविना मीमांसा कोरडी राहते आणि मीमांसेविना तपशील केवळ करुण राहतो.

६. हिंदी आणि बंगाली वाटा

झाशीच्या सामान्यांचा शोध केवळ मराठीने घेतला नाही. झाशीतच वकिली केलेले वृंदावनलाल वर्मा यांची 'झाँसी की रानी' ही हिंदी कादंबरी १९४६ साली आली. स्थानिक आठवणींचा तिला मोठा आधार होता. 'माझा प्रवास'चा हिंदी अनुवाद अमृतलाल नागर यांनी 'आँखों देखा गदर' या नावाने केला; याच लेखकाने अवधच्या गावोगाव फिरून १८५७ च्या लोकस्मृती जमविल्या आणि १९५७ साली 'गदर के फूल' प्रसिद्ध केले. त्यापूर्वी १९५६ साली महाश्वेता देवी यांचे 'झाँसीर रानी' हे बंगाली पुस्तक आले. ते लिहिण्यासाठी त्या स्वतः बुंदेलखंडात हिंडल्या आणि लोकगीते व मौखिक परंपरा यांना त्यांनी कागदांच्या शेजारी बसविले. त्यांची ही पद्धती 'सबाल्टर्न स्टडीज'च्या पहिल्या खंडाच्या सव्वीस वर्षे आधीची आहे, याची नोंद भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांनी अवश्य घ्यावी. इतिहासकारांच्या आधी साहित्यिकांनी पुराव्याची व्याप्ती वाढविली.

याच मौखिक परंपरेतून झलकारीबाईची कथा पुढे आली. कोरी या विणकर समाजातील ही स्त्री राणीच्या स्त्रीसैन्यात होती व तिने राणीचा वेष घेऊन शत्रूला चकविले, अशी ती कथा आहे. वर्मांच्या कादंबरीने तिला साहित्यात स्थान दिले; पुढे दलित समाजाने तिला आपल्या अस्मितेचे प्रतीक मानले; २००१ साली तिच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. बद्री नारायण यांनी २००६ च्या आपल्या ग्रंथात अशा वीरांगनांच्या स्मरणाचा व दलित राजकारणाचा संबंध अभ्यासिला आहे. समकालीन कागदाचा आग्रह धरणारा संशोधक येथे अडखळतो. परंतु ज्या समाजाला लेखणीच नाकारली गेली त्याच्याकडून कागद मागणे कितपत न्याय्य, हा प्रश्न उरतोच. उलट, न्यायाची ओढ आहे म्हणून प्रत्येक कथा घडलेली घटना मानावी, हेही शास्त्राला मान्य होणार नाही. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती घेऊन १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा साक्षीदार हयात होत्या. झाशीच्या कोरी वस्तीत १८६० साली असा कोणी गेला नाही. ती उणीव आता कोणत्याही पद्धतीने भरून निघणार नाही. तिची कबुली देऊनच पुढे गेले पाहिजे.

७. वाचनाची रीत

अशा संहितांचा उपयोग कसा करावा, याविषयी काही सूचना करून हे विवेचन आवरते घेऊ. पंचवीस वर्षांनी लिहिलेल्या आठवणीत तीन थर असतात : पाहिलेले, ऐकलेले आणि मानलेले. झाशीच्या गल्लीतील प्रेते गोडसे यांनी पाहिली. कानपूरच्या घटना ऐकल्या. धर्म बुडविण्याचा सरकारचा बेत आहे असे त्या काळच्या असंख्य लोकांप्रमाणे मानले. पहिल्या थरावरून घटना कळते. दुसऱ्यावरून वार्ता कोणत्या वाटेने व कोणत्या रूपात हिंडत होती हे कळते. तिसऱ्यावरून माणसे जिवावर उदार का झाली याचा अंदाज बांधता येतो. ऐकीव म्हणून दुसरा थर आणि भाबडा म्हणून तिसरा थर टाकून देणारा संशोधक सामान्यांच्या इतिहासातील दोन तृतीयांश पुरावा टाकून देतो. शेतकरी उठावांवरील १९८३ च्या ग्रंथात गुहा यांनी अफवेला जे महत्त्व दिले आहे त्याचे मर्म हेच होय.

दुसरी सूचना संपादनाविषयी. शुद्धलेखन, शिष्टता आणि प्रतिष्ठा यांच्या नावाखाली जुन्या मजकुराला घासूनपुसून काढण्याचा मोह आजही टळलेला नाही. घासताना प्रथम निघून जातो तो सामान्य जीवनाचाच अंश : किमती, शिव्या, खाणेपिणे, बोलीतील रूपे. मूळ संहिता आधी जशीच्या तशी छापावी. वाचकाच्या सोयीची आवृत्ती नंतर काढावी.

तिसरी गोष्ट सूचनेपेक्षा चिंतेची आहे. बुंदेलखंड, माळवा, सागर, ग्वाल्हेर या पट्ट्यातील जुन्या मराठी घरांत हिशेबाच्या वह्या, पत्रे आणि याद्या असतील त्या मोडीत आहेत. त्या घरांतील नव्या पिढीची भाषा बहुशः हिंदी झाली आहे आणि मोडी वाचणारे तर महाराष्ट्रातही थोडे उरले आहेत. वाचता न येणारा कागद घरात अडगळ ठरतो, आणि अडगळ रद्दीत जाते. किल्ल्याची डागडुजी होईल, राणीचे पुतळेही उभे राहतील. परंतु १८५८ च्या एप्रिलनंतर एखाद्या घराने पुन्हा घागर किती रुपयांना घेतली, हे सांगणारी वही एकदा गेली की गेली. त्या वहीला इतिहासाचे साधन मानण्याइतपत आपली दृष्टी आता तयार झाली आहे. दृष्टी तयार झाली तेव्हा साधनच उरले नाही, असे म्हणण्याची पाळी येऊ नये, यासाठी मोडीचे अध्यापन आणि घरगुती दप्तरांची पाहणी ही कामे मराठी व हिंदी विभागांनी मिळून हाती घेतली पाहिजेत.